स्वतःची झडती आणि देवावर भरवसा, ही जोडी जमली कशी?

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, सुरू झाला की मुंबईतल्या मराठी चर्चमध्ये आत्मपरीक्षण हा विषय निघतोच. भायखळा असो, गिरगाव असो नाहीतर तिकडे वसई, पाळक असोत की फादर, सगळे सांगतात स्वतःला तपासा आणि लगेच पुढच्या वाक्याला सांगतात की देवावर भरवसा ठेवा. ऐकायला बरं वाटतं, पण ही दोन वाक्यं खरं तर एकमेकांच्या विरुद्ध ओढणारी आहेत. प्रामाणिकपणे आत डोकावलं तर भरवसा वाटावा असं तिथे फारसं काही सापडत नाही, आणि भरवसाच ठेवायचाय तर मग एवढी खोदाखोद कशाला? ह्या प्रश्नावर चर्चमध्ये शतकानुशतकं भांडणं झाली, आणि त्यातली काही बोटीत बसून आपल्या मुंबईतही आली.

मुळात जायचं तर बायबलमधलं 139वं स्तोत्र उघडायचं. त्याचा शेवट सगळ्यांना पाठ असतो, देवा माझी झडती घे, माझं मन जाण, माझ्यात काही वाईट आहे का बघ. पण सुरुवात वाचा ना, तिथे स्तोत्रकर्ता म्हणतो की तू मला आधीच पारखलंयस, मी बसतो कधी उठतो कधी सगळं तुला ठाऊक आहे. म्हणजे जे देवाला आधीच माहीत आहे तेच तो शेवटी मागतो. आणि झडती घेणारा तो स्वतः नाही, देव आहे. पुढच्या सगळ्या इतिहासात माणसं जिथे जिथे फसली तिथे हा क्रम उलटा झाला होता असं माझं मत आहे.

ख्रिस्ताचा प्रेषित पौल, ज्याची पत्रं बायबलमध्ये आहेत, त्याचंही तसंच. प्रभुभोजनाआधी, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घेण्याआधी, माणसाने स्वतःची परीक्षा करावी हे करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय 11 मधलं वाक्य आपल्याकडे दर वेळी वाचलं जातं, आणि मग लोक मान खाली घालून गेल्या महिन्याची पापं आठवायला लागतात. पण ते लिहिलं कशावरून? तर करिंथ शहरात एकत्र जेवणाच्या वेळी पैसेवाले आधीच येऊन खाऊनपिऊन मोकळे व्हायचे आणि गरीब उपाशी राहायचे, ह्यावर पौल चिडला होता. म्हणजे परीक्षा फक्त मनाची नाही, शेजारी उपाशी बसलाय त्याच्याशी आपण कसं वागलो ह्याचीही होती. आणि त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायात हाच पौल म्हणतो की मी स्वतःचा न्याय करत नाही, माझं मन मला खात नाही पण तेवढ्याने मी निर्दोष ठरत नाही, न्याय करणारा प्रभू आहे. दोन्ही एकाच पत्रात, हे विसरलं जातं.

मधली काही शतकं पटकन पार करू. चौथ्या शतकाच्या शेवटी उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीनने आपली कबुली लिहिली, लहानपणी चोरलेल्या पेरांपासून सगळं, आणि ती अख्खी देवाला उद्देशून आहे, वाचक फक्त बाजूला उभा राहून ऐकतो. मग आयर्लंडच्या मठांमध्ये पापानुसार प्रायश्चित्ताच्या याद्या तयार झाल्या, अमुक पापाला इतके दिवस उपवास वगैरे. 1215 साली चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे रोममध्ये भरलेल्या चर्चच्या मोठ्या सभेने, नियमच केला की समजत्या वयाच्या प्रत्येकाने वर्षातून निदान एकदा कन्फेशन करायचं, म्हणजे फादरसमोर पापांची कबुली द्यायची. इथून आत्मपरीक्षण ही साधूंची गोष्ट न राहता सगळ्यांच्या डोक्यावर आली, आणि त्याबरोबर एक नवा आजारही आला, आपण काही सांगायचं विसरलो तर?

ह्या आजाराचे दोन नामांकित पेशंट एकाच काळातले, आणि गंमत म्हणजे एकमेकांच्या विरुद्ध बाजूचे. मार्टिन ल्यूथर 1505 साली एरफुर्टच्या मठात गेला आणि कधी कधी सहा सहा तास पापं सांगत बसायचा, उठून गेला की काहीतरी राहिलं म्हणून परत यायचा. त्याचा गुरू श्टाऊपिट्स वैतागून त्याला सांगायचा की बाबा रे, स्वतःकडे बघणं सोड आणि ख्रिस्ताच्या जखमांकडे बघ. दुसरा पेशंट इग्नेशियस लोयोला. 1522 मध्ये मान्रेसा गावात त्याचं इतकं बिनसलं की तीच तीच जुनी पापं पुन्हा पुन्हा कबूल करूनही समाधान नाही, जीव द्यावा असे विचार यायला लागले. शेवटी त्याने ठरवलं की झालेल्या पापांची कबुली परत द्यायची नाही, बस.

इथे एकाने प्रॉटेस्टंट चळवळ काढली आणि दुसऱ्याने जेझुइट हा कॅथलिक साधूंचा संघ काढला, पण औषध दोघांचं फार लांबचं नाही. इग्नेशियसच्या साधना, म्हणजे ध्यान-प्रार्थनेचं त्याचं पुस्तक, 1548 मध्ये पोपने मान्य केल्या, त्यात एक तक्ता आहे तो बघण्यासारखा आहे. आठवड्याच्या सात दिवसांसाठी रेघांच्या सात जोड्या आणि त्या खाली खाली आखूड होत जातात. एकच दोष निवडायचा, सकाळी उठल्यावर मनाशी ठरवायचं, मग दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर दोनदा हिशोब, जितक्या वेळा घसरलात तितके ठिपके त्या रेघेवर. किराणा दुकानदाराची वही वाटेल, पण त्याच माणसाने रोजच्या सर्वसाधारण परीक्षणाची पहिली पायरी काय ठेवली? आभार. आधी देवाने आज काय दिलं ते आठवायचं, मग प्रकाश मागायचा आणि मग आपली चूक बघायची. भरवसा आधी, झडती नंतर. लोक तक्ता लक्षात ठेवतात आणि पहिली पायरी गाळतात.

जेझुइट लोकांबरोबर हे आपल्या किनाऱ्यावर आलं. वसई 1534 पासून पोर्तुगीजांकडे होती आणि इग्नेशियसचा साथीदार फ्रान्सिस झेवियर 1542 मध्ये गोव्यात उतरला. आज मुंबई-वसईचे जे ईस्ट इंडियन आणि कुपारी हे इथलेच जुने कॅथलिक लोक आहेत त्यांच्या घरातलं कन्फेशन, राखेचा बुधवार, लेंटचे उपवास हे सगळं त्या काळापासूनचं. थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटने तर 1616 मध्ये ख्रिस्ताची कथा सांगणारं अख्खं ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांमध्ये आणलं. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, पण हे लोक आणि त्यांचे उपवास इथेच राहिले.

प्रॉटेस्टंट बाजू यायला अजून पाऊणशे वर्षं लागली. फेब्रुवारी 1813 मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, ईस्ट इंडिया कंपनी त्यांना परत पाठवायला बघत होती पण ते टिकले आणि पुढे त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. ही माणसं अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या प्युरिटन, म्हणजे कडक शिस्तीच्या प्रॉटेस्टंट, परंपरेतली. त्या परंपरेत डायरी लिहायची जबरदस्त सवय, आज माझं मन थंड होतं, आज प्रार्थनेत लक्ष नव्हतं, माझं तारण खरं आहे का नुसता भास आहे. त्यातल्याच जॉनथन एडवर्ड्स ह्या धर्मोपदेशकाने विशीच्या आत-बाहेर स्वतःसाठी 70 ठराव लिहून ठेवले होते. तिथल्या बऱ्याच मंडळ्यांमध्ये सभासद व्हायला आपल्या पालटाची, म्हणजे मन देवाकडे कसं वळलं त्याची, हकिगत सांगावी लागायची. तीच अपेक्षा इथेही आली, म्हणजे बाप्तिस्मा मागणाऱ्याने मनात काय घडलं ते सांगायचं.

मुंबईत मात्र ह्याला एक वेगळीच धार आली, कारण इथे प्रश्न नुसता मनाचा नव्हता, जातीचा आणि घरादाराचा होता. मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींचं उदाहरण घ्या. 1831 चा जन्म, बेळगावचे, शिकायला मुंबईत फ्री चर्चच्या शाळेत. 1849 च्या सुमारास इथे परमहंस सभा निघाली होती, जातिभेद मोडायचा पण गुपचूप, बंद दाराआड जातीला निषिद्ध असलेला पाव खायचा आणि बाहेर येऊन पुन्हा जातीतले म्हणून वावरायचं. पदमनजी त्यातही होते. अरुणोदय ह्या आत्मचरित्रात त्यांनी आपली सगळी चालढकल मांडलीय, पटलंय पण उघड करायची छाती नाही, आईवडिलांचं काय, लोक काय म्हणतील. 1854 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे 1860 च्या आसपास परमहंस सभेच्या सभासदांची यादी चोरीला गेली आणि नावं फुटणार म्हटल्यावर सभाच मोडली! आत एक बाहेर एक चालवायचं तर एक कागद पुरतो. मला तरी वाटतं मराठी ख्रिस्ती आत्मपरीक्षणाचा खरा सूर इथे लागला, पापांची यादी नाही तर दुटप्पीपणाची कबुली.

कवी नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईतच बाप्तिस्मा घेतला आणि ते म्हणायचे की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. ह्यात नवल काही नाही. मनाला साक्षी ठेवून बहुमताला न जुमानणारा तुकोबा, स्वतःला पतित म्हणणारा आणि तरी विठ्ठलाशी हक्काने भांडणारा, त्याच्या अभंगांवर वाढलेल्या माणसाला झडती आणि भरवसा एकत्र कसे नांदतात हे कोणा अमेरिकनाने शिकवायची गरजच नव्हती.

आता भरवशाची बाजू, तीही मुंबईचीच. जॉर्ज बोवेन नावाचा अमेरिकन मिशनरी 1848 मध्ये इथे आला, तरुणपणी पक्का नास्तिक होता, जिच्याशी लग्न ठरलं होतं ती वारल्यानंतर बदलला. इथे आल्यावर थोड्याच काळात त्याला दिसलं की आपला पगार आणि बंगल्यातली राहणी आपल्या आणि लोकांच्या मध्ये उभी आहे. त्याने मिशनचा पगार सोडला, बाजारवस्तीत साध्या खोलीत राहिला, शिकवण्या करून पोट भरलं, बॉम्बे गार्डियन हे वर्तमानपत्र चालवलं आणि 1888 मध्ये मरेपर्यंत एकदाही मायदेशी गेला नाही. एवढ्या वर्षांत किती लोक ख्रिस्ती केले असा हिशोब मांडला तर हाती फार काही लागत नाही, तरी तो हलला नाही. कुलाब्याचं बोवेन मेमोरियल मेथडिस्ट चर्च त्याच्याच नावाचं, बाहेरून रोज जाणाऱ्यांना बहुतेक हे माहीत नसतं.

पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 ला शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा काढली ती मुंबईत, चौपाटीजवळ, पुण्याला नंतर गेली. बाप्तिस्मा झाला होता 1883 मध्ये इंग्लंडला. पण पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी मला कळलं की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. जगभर नाव झालेलं, लोक पैसे पाठवतायत, आणि बाई असं लिहितायत! त्याच सुमारास त्यांनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचं चरित्र वाचलं, कोणाकडे न मागता फक्त प्रार्थनेवर अनाथाश्रम चालवणारा माणूस, आणि त्यांना प्रश्न पडला की भारतात असा भरवसा ठेवता येणार नाही का. शारदा सदनाला अमेरिकेतल्या संस्थेने मदतीची हमी दिली होती ती दहा वर्षांची, 1898 ला संपणारी. तोवर दुष्काळातल्या शेकडो मुली रमाबाईंकडे पुण्याजवळच्या केडगावला येऊन राहिल्या होत्या. म्हणजे हमी संपली आणि खाणारी तोंडं वाढली, केडगावचं त्यांचं मुक्ती मिशन ह्या अवस्थेत उभं राहिलं.

मेथडिस्टांची एक गोष्ट सांगायची राहिली. 31 डिसेंबरच्या रात्री आपल्या चर्चमध्ये जी उपासना होते, जिच्यामुळे लोक मध्यरात्रीनंतर स्पेशल लोकल पकडून घरी जातात, ती मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या इंग्रज जॉन वेस्लीच्या वेळची. 1740 च्या सुमारास इंग्लंडमधल्या किंग्जवूडचे कोळसा खाणकामगार, आधी शनिवारची रात्र गुत्त्यात घालवणारे, ती रात्र प्रार्थनेत घालवायला लागले. वेस्लीने ह्या जागरणाला महिन्यातून एकदा, पौर्णिमेच्या जवळपासचा दिवस ठरवला, लांबून येणाऱ्यांना चांदण्यात चालता यावं म्हणून. त्याच्या छोट्या गटांसाठी 1738 चे नियमही आहेत. मागच्या भेटीनंतर कोणतं पाप केलंस, कोणता मोह आला, त्यातून सुटलास कसा, हे दर आठवड्याला विचारायचे, आणि एक प्रश्न असा होता की लपवून ठेवावंसं वाटतंय असं काही आहे का?

आज चाळीत, सोसायटीत ज्या घरगुती प्रार्थनासभा भरतात त्या ह्याच घराण्यातल्या, पण हे प्रश्न गळून गेले आणि साक्ष, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणं, तेवढी राहिली. साक्षीत काय येतं? नोकरी लागली, फ्लॅटचं लोन पास झालं, रिपोर्ट नॉर्मल आला. आभार मानणं चांगलंच, इग्नेशियसनेही ते पहिलं ठेवलं होतं, पण आपण पहिल्या पायरीवरच चहा घेऊन उठतो. ह्याउलट नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी स्मृतिचित्रे ह्या आपल्या आत्मचरित्रात स्वतःचं सोवळं, हट्ट, राग, नवरा ख्रिस्ती झाल्यावरचा संताप आणि मग एक एक करून गळून पडलेली जात, काही म्हणजे काही झाकलं नाही, आणि ते वाचताना हसूही येतं कारण बाईंना देवासमोर नाटक करायची गरज वाटत नाही. ते पुस्तक मराठी साहित्यात मानाचं आहे, कॉलेजात लावतात, आमच्या ओळखीतल्या कितीतरी हिंदू घरांत त्याची पारायणं झालीयेत. प्रार्थनासभेत मात्र त्यातलं एक पानही कोणी वाचल्याचं मी ऐकलं नाही.