जलीय प्रतिमाने

नदी, खाडी, धरण किंवा बंदर यांत काही बांधण्याआधी तिथले पाणी कसे वागेल हे तपासण्यासाठी केलेली लहान प्रमाणातली प्रतिकृती किंवा समीकरणांची मांडणी म्हणजे जलीय प्रतिमान किंवा मॉडेल. नदीतले सगळे काही त्यात कधीच येत नाही. काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे विचारलेल्या प्रश्नावरून ठरते. त्यामुळे एकाच नदीची पुरासाठी एक, गाळासाठी दुसरी आणि पुलाच्या खांबांसाठी तिसरी अशी वेगवेगळी प्रतिमाने असू शकतात.

भौतिक प्रतिमानात खरे पाणी वाहते. मोकळ्या पृष्ठभागाच्या प्रवाहावर गुरुत्वाकर्षणाचा अंमल असल्याने प्रमाणे इंग्लिश अभियंते विल्यम फ्राउड यांच्या नियमानुसार ठरवतात; त्यात वेग लांबीच्या प्रमाणाच्या वर्गमुळाने बदलतो. सांडव्याची, म्हणजे धरणातले जादा पाणी सोडणाऱ्या भागाची, प्रतिकृती 1:100 प्रमाणात केली, तर पाण्याचा वेग 10 पट कमी होतो आणि विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारे पाणी, 1 लाख पट. म्हणजे सेकंदाला 10,000 घनमीटरचा पूर सेकंदाला 100 लिटरमध्ये उभा करता येतो. मात्र पाण्याचा चिकटपणा आणि पृष्ठताण त्याच प्रमाणात लहान होत नाहीत. सांडव्यावरच्या पाण्यात हवा मिसळून जो फेस होतो, तो लहान प्रतिकृतीत नीट उतरत नाही.

खाडी किंवा लांब नदी घेतली की वेगळीच अडचण येते. 1:400 प्रमाणात 10 मीटर खोलीचे पाणी अवघे अडीच सेंटिमीटर उरते आणि असा पातळ थर नदीसारखा वाहत नाही. म्हणून आडवे प्रमाण 1:400 ठेवून उभे 1:100 घेतात. अशा विकृत प्रमाणाच्या प्रतिकृतीत उतार चौपट तीव्र होतो, आणि त्याची भरपाई तळाचा खडबडीतपणा वाढवून करावी लागते. यात काळ 40 पट आकसतो. सुमारे साडेबारा तासांचे भरती-ओहोटीचे चक्र 19 मिनिटांच्या आत पुरे होते. गाळाचे काम याहून किचकट असते. वाळू प्रमाणात बारीक केली तर तिचे चिकट पीठ होते, म्हणून तिच्याऐवजी कोळशाची पूड किंवा लाकडाचा भुसा असे हलके पदार्थ वापरतात.

अभियंते ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी 1885 मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टरमध्ये मर्सी नदीच्या मुखाची अशी प्रतिकृती चालवली. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को उपसागराची 1957 मध्ये सॉसलिटो येथे उभारलेली प्रतिकृती एका प्रश्नासाठीच होती: बांध घालून उपसागराचे भाग गोड्या पाण्याचे तलाव करावेत का? रेबर योजना या नावाने गाजलेली ही कल्पना प्रयोगांत टिकली नाही. प्रतिमानाचे काम कधीकधी न बांधण्याचा सल्ला देणे हेही असते.

भारतात या कामाचे मुख्य केंद्र म्हणजे पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था. तिची सुरुवात 1916 मध्ये मुंबई इलाख्याच्या सिंचनविषयक प्रयोगांतून झाली. ब्रिटिश अभियंते क्लॉड इंग्लिस यांच्या काळात नद्यांच्या अभ्यासाला येथे भक्कम पाया मिळाला. मुंबई व जवाहरलाल नेहरू या शेजारी बंदरांचा भरती-ओहोटीचा अभ्यासही या संस्थेत झाला आहे.

गणिती प्रतिमानात पाण्याऐवजी समीकरणे असतात. उथळ प्रवाहासाठी आजही सेंट-व्हेनांत यांनी 1871 मध्ये मांडलेली समीकरणे आधाराला घेतात. संगणक नसतानाही ही वाट धरली गेली होती. नेदरलँड्समध्ये झाउडरझे समुद्र बंद केल्यास बाहेरच्या किनाऱ्यावर भरती किती चढेल, हे काढण्यासाठी 1918 मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ हेंड्रिक लोरेंट्स. त्यांनी तळाच्या घर्षणाचे अवघड पद सोपे करून घेतले आणि बाकीचे हाताने सोडवले. अहवाल 1926 मध्ये आला. 1932 मध्ये बांध पुरा झाल्यावर आलेल्या मोजण्या या आकडेमोडीशी बऱ्याच जुळल्या. पुढे डच अभियंत्यांनी विजेच्या मंडलांतून भरतीची नक्कल करणारे ‘डेल्टार’ हे सदृश (ॲनालॉग) यंत्रही वापरले. आता मोठ्या क्षेत्राचे काम संगणकावर होते आणि सांडवा किंवा बंदराच्या तोंडाजवळचा गुंतागुंतीचा भाग भौतिक प्रतिकृतीत तपासतात.

प्रतिमान करताना आधी प्रश्न ठरतो, मग सीमा. सीमा हा दिसतो त्याहून नाजूक निर्णय आहे. सांगलीच्या पुराला कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा, म्हणजे धरणामागे नदीत वर चढणारे पाणी, किती कारणीभूत, असा प्रश्न असेल आणि प्रतिमानाची खालची सीमा महाराष्ट्राच्या हद्दीवरच थांबवली, तर तिथली पाणीपातळी आपणच गृहीत धरलेली असते. अलमट्टीचा परिणाम मोजायला जागाच उरत नाही. सीमेनंतर नदीचे छेद (पात्राची रुंदी-खोली दाखवणारे आडवे काप), पाऊस, विसर्ग व पातळ्यांच्या नोंदी गोळा करतात. मग झाडोरा, दगड व वळणे यांमुळे होणारा अडथळा दर्शवणारा खडबडीतपणाचा गुणांक बदलत बदलत एका जुन्या पुराच्या पातळ्या जुळवतात. सॉसलिटोच्या प्रतिकृतीत याच कामासाठी तळाला तांब्याच्या पट्ट्या बसवल्या होत्या.

जुळवणी झाली म्हणजे पडताळणी झाली असे नव्हे, आणि गफलत बहुधा इथेच होते. गुणांक हवे तसे फिरवले तर कोणताही एक पूर जुळवता येतो. म्हणून त्यांना हात न लावता दुसऱ्याच वर्षाचा पूर चालवून पाहावा लागतो. तोही जुळला, तरच अजून न आलेल्या पुराविषयी बोलता येते. महाराष्ट्रात 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल पूररेषा आखताना अशीच आकडेमोड लागते. नदीचे पात्र भरावाने अरुंद झाले किंवा नवे पूल आले, तर जुन्या छेदांवर काढलेली रेषा नव्याने काढावी लागते.