इम्प्लान्टचे ते ९५ टक्के नक्की आले कुठून? थोडी पार्श्वभूमी

डेंटल इम्प्लान्ट, म्हणजे कृत्रिम दातासाठी जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रू, याबद्दल काहीही वाचायला घ्या, "९५ टक्के सक्सेस रेट" हे वाक्य येतंच येतं. आकडा खोटा नाहीये. पण तो किती वर्षांचा, इम्प्लान्ट मोजून काढलाय की पेशंट मोजून, आणि ज्यांच्या जबड्यात हाड आधीच भरपूर होतं त्यांचा की ज्यांना ग्राफ्ट करून, म्हणजे हाड किंवा हाडासारखं काही बसवून, भरावं लागलं त्यांचा, हे सहसा कोणी सांगत नाही. त्यासाठी बरंच मागे जावं लागतं, कारण ग्राफ्ट आणि इम्प्लान्ट आज एकाच ट्रीटमेंट प्लॅनमध्ये दिसत असले तरी दोघांचा इतिहास खूप काळ वेगवेगळा चालला होता.

ग्राफ्टचा जुना. १६६८ मध्ये योब फान मीकेरेन या डच सर्जनने एक केस नोंदवून ठेवली, एका सैनिकाच्या कवटीतला खड्डा कुत्र्याच्या कवटीचा तुकडा बसवून भरल्याची. गोष्ट अशी सांगतात की चर्चने त्या सैनिकाला वाळीत टाकलं, म्हणून तो तुकडा काढून घ्या म्हणत परत आला, पण तोपर्यंत तो इतका पक्का बसला होता की काढता येईना. म्हणजे रिझल्ट चांगला आला हीच अडचण झाली! नंतर १८८० च्या आसपास ग्लासगोमध्ये विल्यम मॅकइवेनने एका लहान मुलाच्या दंडाचं सडून गेलेलं हाड दुसऱ्या मुलांच्या हाडाचे तुकडे वापरून पुन्हा उभं केलं. ते तुकडे मुडदूसामुळे वाकलेले पाय सरळ करताना कापून काढलेले होते, एरवी फेकूनच दिले असते.

इम्प्लान्टची गाडी मात्र नीट चालत नव्हती. १८०९ मध्ये माजोलोने सोन्याचा इम्प्लान्ट, १९१३ मध्ये ग्रीनफिल्डने इरिडियम-प्लॅटिनमच्या तारेचा पिंजरा, १९३० च्या दशकाच्या शेवटी स्ट्रॉक बंधूंनी व्हायटॅलियम या मिश्रधातूचा स्क्रू, असे प्रयत्न होत राहिले. थोडे टिकायचे, बरेच हलायला लागायचे, आणि कोणाकडे धड फॉलो-अप नसायचा त्यामुळे किती टिकले हे सांगायलाच कोणी नाही. हाड टायटॅनियमला चिकटून बसतं हे १९४० मध्येच प्राण्यांवरच्या एका अभ्यासात छापून आलं होतं पण त्याचं पुढे कोणी काही केलं नाही.

मग ब्रोनमार्क. हा माणूस दातांचा डॉक्टर नव्हताच, १९५० च्या दशकात स्वीडनमध्ये सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचं छोटं चेंबर बसवून मज्जेतला रक्तप्रवाह बघत होता, आणि प्रयोग संपल्यावर चेंबर परत काढायला गेला तर निघेना, हाड त्याच्या भोवती घट्ट बसलेलं. १९६५ मध्ये त्याने योस्टा लार्सन या पेशंटच्या खालच्या जबड्यात इम्प्लान्ट बसवले. जन्मापासून जबड्यात दोष असलेल्या लार्सनचे ते इम्प्लान्ट २००६ मध्ये तो गेला तोपर्यंत टिकले.

पण एका पेशंटवर कोण विश्वास ठेवणार, आणि ठेवलाही नाही. चित्र बदललं ते ब्रोनमार्कच्या टीमच्या १९८१ च्या पेपरने, ज्यात १५ वर्षांचा डेटा होता, ३७१ पेशंट आणि २७६८ इम्प्लान्ट. वरच्या जबड्यात ८१ टक्के आणि खालच्या जबड्यात ९१ टक्के टिकले. पुढच्याच वर्षी टोरांटोत कॉन्फरन्स झाली आणि उत्तर अमेरिकेतल्या डेंटल कॉलेजांनी हे मनावर घेतलं. १९८६ मध्ये आल्ब्रेक्टसन आणि मंडळींनी यशाची मोजपट्टी ठरवली: इम्प्लान्ट हलता कामा नये, दुखता कामा नये, एक्स-रेत भोवती काळी रेघ नको, पहिल्या वर्षानंतर हाड वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी झिजायला हवं, आणि ५ वर्षांनी किमान ८५ टक्के, १० वर्षांनी ८० टक्के यश. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, कारण त्याआधी "तोंडात आहे ना, मग चाललंय" एवढंच मोजलं जायचं.

आता हाडाकडे. हे सुरुवातीचे आकडे मुख्यतः अशा जबड्यांतले जिथे स्क्रू बसवण्याइतकं हाड शिल्लक होतं. पण दात काढला की हाड थांबत नाही, झिजायलाच लागतं. २००३ च्या एका अभ्यासात दात काढलेल्या जागेची रुंदी एका वर्षात साधारण अर्धी झाली, १२ मिलिमीटरवरून ६ च्या आत, आणि त्यातली दोन तृतीयांश झीज पहिल्या ३ महिन्यांतच. वरच्या दाढांकडे अजून एक भानगड, तिथे वरून सायनसची पोकळी खाली सरकते आणि मधे कधीकधी जेमतेम काही मिलिमीटर हाड उरतं. इथे दोन्ही इतिहास एकत्र आले. टेटम १९७० च्या दशकात सायनसचा पडदा उचलून खाली हाड भरायला लागला होता, बॉयन आणि जेम्सने १९८० मध्ये ते छापलं. १९८८ मध्ये डालिनच्या टीमने उंदरांवर दाखवलं की मेम्ब्रेन (पातळ पडदा) लावून मऊ पेशी बाहेर अडवल्या की आत हाडाला भरायला वेळ मिळतो. कमरेतून हाड काढायचं म्हणजे दुसरं ऑपरेशन, दुसरं दुखणं, म्हणून प्रोटीन काढून टाकलेलं गाईगुरांचं हाड वापरात आलं. युरिस्टने १९६५ मध्ये हाड तयार करवणारं जे तत्त्व दाखवलं होतं, त्यातून पुढे निघालेल्या प्रोटीनला सायनससाठी अमेरिकेत २००७ मध्ये मान्यता मिळाली.

रिझल्टचं काय? १९९६ च्या सायनस कॉन्फरन्समध्ये सुमारे १००० ग्राफ्ट आणि जवळपास ३००० इम्प्लान्ट यांचा डेटा गोळा झाला, ३ वर्षं किंवा जास्त झालेल्या इम्प्लान्टांत ९० टक्के यश. २००८ मध्ये ज्यांचं मूळ हाड ६ मिलिमीटर किंवा त्याहून कमी होतं अशा पेशंटवरचे अभ्यास एकत्र केले तेव्हा ३ वर्षांनी पुन्हा ९०.१ टक्केच इम्प्लान्ट टिकलेले, पण हाच हिशोब पेशंट मोजून केला तर १६.६ टक्के लोकांनी किमान एक इम्प्लान्ट गमावलेला होता. दहातला एक आणि सहातला एक, केवढा फरक आहे बघा, डेटा मात्र तोच. त्यातच हेही दिसलं की खडबडीत पृष्ठभागाचे इम्प्लान्ट आणि ग्राफ्ट भरायला सायनसच्या बाजूला केलेल्या खिडकीवर मेम्ब्रेन असेल तर आकडा ९८.३ पर्यंत जातो. म्हणजे जुन्या ग्राफ्टच्या नावावर जमा झालेल्या अपयशातलं बरंचसं गुळगुळीत स्क्रूचं होतं, बिचाऱ्या ग्राफ्टला उगाच बोल लागला.

२०१५ च्या आसपास लांब पल्ल्याचे आकडे आले. १० वर्षांहून जास्त फॉलो-अप असलेल्या अभ्यासांत मिळून ९४.६ टक्के इम्प्लान्ट टिकले, म्हणजे तो ९५ वाला आकडा हाच म्हणायला हरकत नाही. पण हे टिकण्याचे टक्के आहेत, यशाचे नाहीत. स्वीडनमधल्या एका मोठ्या अभ्यासात ९ वर्षांनी १४.५ टक्के पेशंटमध्ये मध्यम किंवा गंभीर पेरी-इम्प्लान्टायटिस सापडला, म्हणजे इम्प्लान्ट जागेवर आहे पण भोवती सूज आणि हाड उतरतंय. टक्केवारीत हा इम्प्लान्ट टिकलेला म्हणूनच मोजला जातो.

आणि मजा म्हणजे गेल्या २० वर्षांत उलटा प्रवास सुरू झालाय, ग्राफ्ट टाळायचा. २००३ मध्ये मालोने खालच्या जबड्यात ४ इम्प्लान्ट, मागचे दोन तिरके, यावर अख्खी दातांची रांग बसवल्याचे रिझल्ट छापले. दाढांकडे ६ मिलिमीटरचे आखूड इम्प्लान्ट विरुद्ध सायनस लिफ्ट करून लांब, अशा तुलना झाल्या त्यात ५ वर्षांपर्यंत टिकण्याचे आकडे साधारण जवळपास आणि आखूडवाल्यांत ऑपरेशनचा त्रास कमी. मात्र ब्रोनमार्कच्या स्क्रूंना जसा १५ वर्षांचा मोठा डेटा मिळाला होता तेवढा अनुभव या आखूड इम्प्लान्टांच्या पाठीशी अजून जमलेला नाही, त्यामुळे काही डॉक्टर आजही आधी हाड भरूनच घेतात.