बस जागची हलत नाही: हवा अडली की लाइनर चिकटले?

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. उन्हाळाभर नागपूरजवळच्या वाडी किंवा हिंगण्याकडच्या एखाद्या मोकळ्या प्लॉटवर हँडब्रेक लावून उभी असलेली जुनी बस नेमकी त्याच सुमारास, पहिले दोन-तीन पाऊस अंगावर घेतल्यानंतर, बाहेर काढली जाते. इंजिन चालू होते, ब्रेकच्या हवेचे प्रेशर बनते, पार्किंग ब्रेकची दांडी सोडली जाते आणि मागची चाके तसूभरही हलत नाहीत. गॅरेजमध्ये याला एकच शब्द आहे, ‘जाम’. पण त्या शब्दाखाली दोन वेगळे बिघाड दडलेले असतात. एकात हवा ब्रेकपर्यंत पोहोचतच नाही, तर दुसऱ्यात हवा आपले काम चोख करते आणि तरीही लाइनर (ब्रेकचा घासणारा थर) ड्रमला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्याला, सोडत नाही.

पायाने दाबायच्या ब्रेकमध्ये हवा ब्रेक लावते. पार्किंग ब्रेकमध्ये सगळे उलटे असते. मागच्या ॲक्सलवरील दुहेरी बूस्टरच्या, म्हणजे ब्रेक चालवणाऱ्या हवेच्या डब्याच्या, एका कप्प्यात जाडजूड स्प्रिंग बसवलेली असते, ब्रेक लावते ती स्प्रिंग, आणि हवेचे काम तिला दाबून धरण्याचे. गाडीगणिक थोडाफार फरक पडतो, पण साधारण 5 बारच्या (बार हे दाबाचे एकक) आसपास हवा मिळाल्याशिवाय ही स्प्रिंग पूर्ण मागे सरत नाही.

इथे पहिली फसगत होते ती मीटरमुळे. मीटरचा काटा 7-8 बारवर आहे म्हणजे हवा ठीक आहे, असे आपण धरून चालतो. परंतु अनेक बसमध्ये तो काटा पायाच्या ब्रेकच्या टाक्यांचा दाब दाखवतो आणि पार्किंगची वाट वेगळ्या व्हॉल्व्हमधून निघते. टाकी भरलेली आणि बूस्टर उपाशी, असे सहज घडू शकते.

म्हणून मीटरवर न थांबता खाली पाहावे. बस सपाट जागेवर असावी, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत आणि बूस्टरमधून निघून ब्रेक ढकलणाऱ्या दांड्यावर, म्हणजे पुश रॉडवर, अगदी तोंडाशी, खडूने रेघ ओढावी. मग दुसऱ्याला दांडी सोडायला सांगावे. रेघ आत गेली आणि चाक तरीही फिरत नसेल, तर हवेला दोष देण्यात अर्थ नाही. लाइनर गंजाने ड्रमला धरून बसले आहे. रेघ जागीच राहिली तर संशय हवेवर जातो, पण तो अजून सिद्ध झालेला नसतो, कारण ब्रेकचा कॅम (रॉडच्या ढकलण्याने फिरून लाइनर ड्रमवर दाबणारा भाग) त्याच्या बुशमध्ये गंजून अडकला असेल तरीही रॉड मागे येत नाही. हा तिढा बूस्टरच्या मागचा रिलीज बोल्ट सोडवतो. त्याने स्प्रिंग हाताने मागे ओढल्यावर रॉड आत गेला, तर हवाच पोहोचत नव्हती. नाही गेला, तर कॅम अडकला आहे. (बोल्ट फिरवणे वेगळे आणि बूस्टरची क्लॅम्प रिंग खोलणे वेगळे: आतली स्प्रिंग शेकडो किलोंच्या जोराने दाबलेली असते आणि रिंग सुटताच माणसाचा जीव घेऊ शकते.)

दोष हवेचा ठरला की दोन्ही चाके अडली आहेत की एकच, हे पाहावे. दोन्ही असतील तर दांडीचा व्हॉल्व्ह, मागच्या बूस्टरांना हवा पुरवणारा रिले व्हॉल्व्ह किंवा त्यांच्यामधला पाइप तपासावा. एकच असेल तर त्या बाजूचा होज (हवेची रबरी नळी) किंवा डायफ्रॅम (बूस्टरमधला रबरी पडदा). जुन्या रबरी होजचा आतला थर सुटून पडद्यासारखा लोंबतो आणि बाहेरून होज धडधाकट दिसत असताना हवा अडवतो. डायफ्रॅम फाटला असेल तर दांडी सोडल्यावर बूस्टरच्या छिद्रातून सतत फुसफुस ऐकू येते. एअर ड्रायर (हवेतली ओल काढणारे यंत्र) नसलेल्या बसमध्ये टाकीतले पाणी आणि कंप्रेसरचे तेल मिळून होणारा चिखल व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. थंड देशांतली माहितीपत्रके पाइपात बर्फ झाल्याची शंका घ्यायला सांगतात. नागपूरच्या डिसेंबरातही ती वाया जाईल.

ड्रमच्या बाजूचा बिघाड साधा, पण तिथे माणसे घाई करतात. पहिल्या गिअरमध्ये जोराने क्लच सोडला की लाइनर सुटते खरे, पण कधीकधी ते शूवरूनच, म्हणजे ज्या लोखंडी पट्टीवर ते बसवलेले असते तिच्यावरूनच, उखडून येते. त्यापेक्षा ड्रमच्या कडेवर लाकडाचा ठोकळा धरून हातोडीने ठोकावे आणि बस हलकेच पुढे-मागे झुलवावी. तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक लावून गाडी उभी केली तर थंड होताना आकसणारा ड्रम शूंना आणखी घट्ट पकडतो, त्यामुळे घाट उतरून आलेली बस रात्री जाम होण्यामागे गंजच असावा असे नाही.

चाक सुटले तरी काम संपत नाही. चार-पाच किलोमीटर चालवून चाकाच्या मधल्या भागाजवळ, म्हणजे हबजवळ, हाताचा पंजा धरावा, टेकवू नये. एकच बाजू भाजत असेल तर त्या बाजूची शूची रिटर्न स्प्रिंग किंवा स्लॅक ॲडजस्टरचा (रॉड आणि कॅम जोडणारी, ब्रेकची ढील कमी-जास्त करणारी दांडी) ताण बघावा. दोन्ही बाजू सारख्याच तापत असतील तर हवा अर्धवट पोहोचते आहे. आणि रिलीज बोल्ट ओढलेला असेल तर तो परत पूर्ण सैल केल्याशिवाय मुलांना बसमध्ये बसवू नये, कारण तोवर त्या चाकाला पार्किंग ब्रेक नसतो.