इजिप्तमधील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे व त्यांचा व्यापार (एकोणिसावे शतक)

पिरॅमिड, मंदिरे, थडगी यांची छायाचित्रे काढून ती इजिप्तला येणाऱ्या प्रवाशांना विकण्याचा धंदा. साधारण 1860 ते 1900 हा त्याच्या भरभराटीचा काळ. ‘जुना इजिप्त’ म्हटल्यावर अर्धा वाळूत रुतलेला स्फिंक्स आणि शेजारी उंटावर बसलेला एखादा माणूस डोळ्यांपुढे येतो, ते चित्र बऱ्याच अंशी या धंद्यानेच रूढ केले.

छायाचित्रण आणि इजिप्त यांची गाठ पहिल्याच वर्षी पडली. 1839 मध्ये दागेरच्या शोधाची (चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्यावर उमटणारे छायाचित्र, म्हणजेच दागेरोटाइप) महती फ्रेंच प्रतिनिधिगृहाला पटवताना शास्त्रज्ञ फ्रान्स्वा अरागोने प्राचीन इजिप्तमधील थीब्झ आणि कार्नाक येथील चित्रलिपीचे उदाहरण दिले. ती हाताने उतरवायची तर चित्रकारांची पलटण आणि कित्येक दशके लागतील, हे यंत्र असले की एकटा माणूस पुरेल, असा त्याचा मुद्दा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात अलेक्झांड्रियात दागेरोटाइप काढले गेले. पण दागेरोटाइपवरून प्रती निघत नसत, आणि प्रत निघत नाही तिथे दुकान चालत नाही. फ्रेंच लेखक मॅक्सिम द्यु काँ 1849 मध्ये कागदी निगेटिव्हचे (ज्यावरून प्रती छापता येतात अशा उलट्या छायाप्रकाशाच्या चित्राचे) सामान घेऊन इजिप्तला गेला. त्याच्या 125 चित्रांचा ग्रंथ 1852 मध्ये निघाला, मात्र तो प्रवाशांच्या खिशासाठी नव्हता. या चित्रांत भिंतींची उंची कळावी म्हणून होडीवरचा खलाशी हाजी इस्माईल उभा केलेला दिसतो. भिंगाची पितळी नळी म्हणजे तोफ आहे, हललास तर गोळी सुटेल, अशी भीती घालून आपण त्याला स्थिर ठेवत असू, असे द्यु काँनेच लिहून ठेवले आहे.

धंद्याला पाया मिळाला तो दोन गोष्टींमुळे : 1850 चा अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला अल्ब्युमेन कागद आणि 1851 ची ओल्या कोलोडियनची (एका चिकट रासायनिक द्रवाची) काच, म्हणजे काचेचे निगेटिव्ह. एका काचेवरून हव्या तेवढ्या प्रती निघू लागल्या. लिव्हरपूलचा किराणा व्यापार विकून मोकळा झालेला फ्रान्सिस फ्रिथ 1856 ते 1860 या काळात तीनदा या प्रदेशात गेला. त्याच्या सर्वांत मोठ्या कॅमेऱ्याची काच 16 × 20 इंचांची होती. त्या वेळी निगेटिव्ह मोठे करून छापण्याची सोय रूढ नव्हती. कागद काचेला घट्ट टेकवून उन्हात ठेवायचा, म्हणून जेवढे चित्र हवे तेवढीच काच न्यावी लागे. काचेवर कोलोडियन ओतायचे, अंधारात सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायचे, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायचे आणि सुकायच्या आत तंबूत परत आणून धुवायचे. नाईलच्या उन्हात कोलोडियन काचेवर ओतताच उकळू लागे, अशी फ्रिथची तक्रार आहे. मग तो कधी कधी थडग्यांच्या आतच अंधारखोली मांडी. पुढे त्याने इंग्लंडमध्ये रायगेटला छापखाना काढला आणि चित्रे घाऊक विकली.

लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्यासाठी अजिंठ्याला मुक्काम ठोकून राहिलेल्या रॉबर्ट गिलची छायाचित्रेही याच सुमारास, 1864 मध्ये, वास्तुकलेचा इतिहासकार जेम्स फर्ग्युसनच्या ग्रंथात आली. फरक इतकाच की अजिंठ्याच्या वाटेवर तेव्हा प्रवाशांच्या झुंडी नव्हत्या. इजिप्तला त्या होत्या. 1869 मध्ये सहली नेणारा इंग्रज व्यावसायिक टॉमस कुक याने आपली पहिली इजिप्त सहल नेली, त्याच वर्षी सुएझ कालवा खुला झाला. आता मुंबईहून विलायतेला निघालेली बोटही कालव्याच्या उत्तर तोंडावरच्या पोर्ट सैद बंदराला कोळशासाठी थांबू लागली. फोटो विकायला याहून चांगले नाके कुठले? झांगाकी हे ग्रीक बंधू आणि फ्रेंच इपोलित आर्नू यांची दुकाने पोर्ट सैदलाच होती. बैरूतला 1867 मध्ये सुरू झालेल्या बोंफिस घराण्याकडे 1871 पर्यंत 591 निगेटिव्ह आणि 15,000 प्रती तयार होत्या. इस्तंबूलच्या पास्काल सेबाने 1873 मध्ये कैरोत शाखा काढली.

गिऱ्हाईक सुट्या प्रती निवडी आणि घरी गेल्यावर आल्बमात चिकटवी. चित्राच्या तळाशी क्रमांक, फ्रेंचमधून स्थळाचे नाव आणि दुकानाची सही पांढऱ्या अक्षरांत असे. काचेच्या लेपाच्या बाजूवर गडद शाईने उलटे लिहिले की कागदावर ते सुलटे आणि पांढरे उमटते. या सह्यांवर फार विसंबू नये. काचा हातोहात विकल्या जात, आणि नवा मालक जुने नाव पुसून आपले घाली.

सह्यांचा सर्वांत मोठा घोळ छायाचित्रकार बेआतो बंधूंचा. ‘फेलिचे आंतोनियो बेआतो’ या एकाच माणसाने जपान आणि इजिप्तमधील लक्सर (प्राचीन थीब्झच्या जागेवरचे गाव) दोन्हीकडे काम केले, असे पुष्कळ वर्षे मानले जाई. ते दोघे भाऊ होते, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झाले. फेलिचे 1857 च्या उठावानंतर लखनौची चित्रे काढून पुढे पूर्वेकडे गेला. आंतोनियोही काही काळ कलकत्त्याला होता, पण 1862 मध्ये लक्सरला त्याने दुकान थाटले आणि तिथेच राहिला. फ्रान्सला निघालेले जपानी शिष्टमंडळ 1864 मध्ये स्फिंक्ससमोर उभे असलेले प्रसिद्ध छायाचित्र आंतोनियोचेच.

या चित्रांतली माणसे बहुधा मापपट्टीसारखी किंवा शोभेसारखी वापरलेली आहेत. गिऱ्हाइकाला निर्मनुष्य भग्नावशेष हवे असत, त्यामुळे आगबोटी, हॉटेले आणि खुद्द प्रवासी चौकटीबाहेर राहिले. तरी काच सगळे टिपते. लक्सरच्या मंदिरातली घरे आणि अबू सिंबेलच्या मूर्तींवर चढलेली वाळू त्यांत जशीच्या तशी आहे. ही घरे 1885 च्या सुमारास हटवायला सुरुवात झाली. फिली बेटावरचे मंदिर 1902 च्या आस्वान धरणानंतर वर्षातले काही महिने पाण्याखाली जाऊ लागले आणि 1970 च्या दशकात शेजारच्या बेटावर हलवले गेले. त्याच्या मूळ जागेचा तपशील पाहायचा तर फ्रिथसारख्यांच्या जुन्या प्रतींकडे यावे लागते.

1888 मध्ये कोडॅक हा हाताळायला सोपा कॅमेरा आला आणि प्रवासी स्वतःच बटण दाबू लागला. उरलेले गिऱ्हाईक रंगीत पोस्टकार्डांनी नेले. आंतोनियो बेआतो 1906 मध्ये लक्सरला वारला आणि त्याच्या बऱ्याच काचा कैरोच्या संग्रहालयाने विकत घेतल्या.