जुनाट दुखण्यासाठी मानसोपचार

जुनाट दुखणं म्हणजे ३ महिन्यांपेक्षा जास्त टिकलेलं किंवा सारखं उलटून येणारं दुखणं, मग ते कंबरेचं असो, मानेचं, सांध्यांचं, मायग्रेनचं, फायब्रोमायल्जियाचं (अंगभर स्नायू दुखण्याचा आजार) किंवा ऑपरेशन होऊन जखम भरली तरी मागे राहिलेलं. औषधं आणि फिजिओथेरपीच्या जोडीने सायकॉलॉजिस्टकडून जी थेरपी घेतात ती दुखणं सांभाळायला शिकवते, म्हणजे दुखण्याची भीती कमी करणं, झोप सुधारणं आणि बंद पडलेली कामं हळूहळू परत चालू करणं. दुखणं थोडं कमी होतं का, तर बऱ्याचदा होतं, पण मुख्य उद्देश तो नसतो आणि हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायला हवं.

डॉक्टरांनी सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं की पेशंटच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हाच, म्हणजे मी नाटक करतोय असं वाटतंय का यांना? त्यात पेशंटची काही चूक नाही, एमआरआय नॉर्मल आला की "काही नाही हो, टेन्शन आहे" असं कितीतरी जणांना खरोखर ऐकवलं जातं. पण दुखणं खरंच असतं. वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची सुधारित व्याख्या दिली तिच्यात वेदना हा शरीराचा आणि भावनेचा मिळून एकच अनुभव मानलाय, आणि माणूस दुखतंय म्हणतोय तर त्याच्या म्हणण्याचा मान ठेवा असंही सोबत लिहिलंय. थेरपीला पाठवणाऱ्या प्रत्येकाने एवढं तरी पेशंटला समजावून सांगावं असं मला मनापासून वाटतं.

मनाचा संबंध येतो कुठे? १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी गेट कंट्रोल थिअरी मांडली. शरीरातून येणारा सिग्नल जसाच्या तसा मेंदूत पोचत नाही, मणक्यातल्या मज्जारज्जूत त्याला एक दार लागतं आणि ते किती उघडायचं यात वरून मेंदूचाही हात असतो. त्या थिअरीतले बारकावे पुढे बदलले पण मूळ मुद्दा टिकला, भीती, लक्ष, मूड, झोप या सगळ्याचा वेदनेवर परिणाम होतो. आणि दुखणं महिनोन् महिने चाललं की मज्जासंस्थाच हळवी होऊन बसते, साध्या स्पर्शाने किंवा थोडंसं वाकल्यानेही कळ येते, इजा झालेली नसतानाही.

त्यात भर पडते टाळण्याची. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो तसं एकदा वाकताना कंबरेत कळ आली की माणूस वाकणंच सोडतो, मग चालणं कमी, मग बाहेर जाणं कमी, स्नायू आखडतात, मूड जातो, आणि आता खरंच थोडं हललं तरी दुखतं म्हणजे भीती खरी ठरल्यासारखी वाटते. या चक्राला भीती-टाळणं मॉडेल म्हणतात, व्लायेन आणि लिंटन या मानसशास्त्रज्ञांनी २००० मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं.

पद्धतींमध्ये सगळ्यात जुनी वर्तनाची. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांच्या लक्षात आलं की दुखलं की गोळी, दुखलं की आराम, दुखलं की घरच्यांचं लक्ष, असं असेल तर नकळत दुखण्यालाच खतपाणी मिळतं. मग त्यांनी गोळ्या दुखल्यावर न देता घड्याळाप्रमाणे द्यायला आणि व्यायाम दुखेपर्यंत न करता आधी ठरवलेल्या आकड्यापर्यंत करून घ्यायला सुरुवात केली. आजच्या थेरपीतलं पेसिंग याच विचाराचं आहे. उदाहरण द्यायचं तर, बरं वाटलं त्या दिवशी सगळं घर आवरायचं आणि पुढचे ३ दिवस आडवं पडायचं हे जवळपास प्रत्येक पेशंटचं होतं. पेसिंगमध्ये आधी आठवडाभर वही ठेवतात, किती मिनिटं उभं राहिल्यावर दुखणं वाढतं ते लिहायचं, समजा २० मिनिटं आलं तर टायमर १५ चा लावायचा, आणि टायमर वाजला की छान वाटत असलं तरी बसायचं, दुखत नसताना थांबायचं हेच सगळ्यात अवघड जातं लोकांना. मग दर आठवड्याला मिनिट-दोन मिनिटं वाढवायची.

सगळ्यात जास्त वापर आणि अभ्यास सीबीटीचा, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीचा. त्यात वर्तनाबरोबर विचारही तपासतात. कळ आली की डोक्यात लगेच येतं "आता हे वाढतच जाणार, मी अंथरुणाला खिळणार", आणि तेवढ्यानेच अंग आखडतं. थेरपिस्ट हा विचार खोटा आहे असं म्हणत नाही, मागच्या वेळी अशी कळ आली तेव्हा पुढे काय झालं ते वहीतून काढून बघायला लावतो. असे टोकाचे विचार मोजायला १९९५ पासून १३ वाक्यांची एक प्रश्नावलीही वापरात आहे. साधारण आठवड्याला एक असे ६ ते १२ सेशन असतात, आणि खरं काम दोन सेशनच्या मधल्या दिवसांत होतं.

एसीटी म्हणजे स्वीकारावर आधारलेली थेरपी. स्वीकार म्हणजे हार मानणं नाही, दुखणं जाईपर्यंत आयुष्य थांबवून ठेवायचं नाही एवढाच अर्थ. माइंडफुलनेसचा, म्हणजे या क्षणी जे जाणवतंय त्याकडे शांतपणे लक्ष देण्याचा, ८ आठवड्यांचा कार्यक्रम जॉन काबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केला तोच मुळात इतर उपचारांनी बरं न वाटलेल्या, जुनं दुखणं असलेल्या पेशंटसाठी. झोप उडाली असेल तर झोपेसाठीची वेगळी सीबीटी असते.

उपयोग किती होतो याबद्दल फुगवून सांगू नये. कॉक्रेन ही संस्था अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासते, तिच्या २०२० च्या आढाव्यात ७५ चाचण्या आणि ९ हजारांहून जास्त लोक होते, त्यात सीबीटीचा फायदा दिसला पण सरासरीने लहान. त्यानंतर २०२२ मध्ये पेन रिप्रोसेसिंग थेरपीचा (दुखणं म्हणजे इजा नव्हे, मेंदूचा चुकीचा इशारा आहे असं बघायला शिकवणारी थेरपी) अभ्यास प्रसिद्ध झाला, १५१ लोक, कंबरदुखी फार तीव्र नसलेली, आणि थेरपी घेतलेल्यांपैकी ६६ टक्के जवळपास वेदनामुक्त झाले, नेहमीचे उपचार चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण १० टक्के होतं. आकडा मोठा आहे, पण एकाच अभ्यासावरून सगळ्या दुखण्यांना तो लावता येत नाही. ब्रिटनमध्ये उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये ज्या जुनाट दुखण्यामागे दुसरा आजार सापडत नाही किंवा सापडलेल्या आजाराच्या मानाने दुखणं फारच जास्त असतं, त्यासाठी सीबीटी किंवा एसीटीचा विचार करा असं सुचवलंय, ओपिऑइड (अफूच्या जातीच्या वेदनाशामक) गोळ्या मात्र सुरूच करू नका म्हणून सांगितलंय. आधीपासून अशा गोळ्या चालू असतील तर स्वतःहून एकदम बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारून हळूहळू. आणि लघवी-संडासवरचा ताबा जाणं, पायातली ताकद कमी होणं, ताप, कारण नसताना वजन उतरणं यातलं काही असेल तर थेरपी नंतर, आधी डॉक्टर.

घरच्यांनाही एखाद्या सेशनला बोलावतात. दर तासाला "दुखतंय का, पडतोस का जरा?" हे प्रेमापोटीच विचारलेलं असतं, पण त्याने पेशंटचं लक्ष पुन्हा दुखण्यावरच जातं, म्हणून थेरपिस्ट दोघांना समोर बसवून ठरवून देतो की काम हातातून काढून घ्यायचं नाही, टायमर वाजेपर्यंत करू द्यायचं, मदत हवी असेल तर पेशंट मागेल, आणि संध्याकाळी किती दुखलं याऐवजी आज काय काय केलं ते विचारायचं.