मोहाची भट्टी : घरच्या चुलीवरून कायद्याच्या कलमात

गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात दारू गाळणं हा मुळात घरचा उद्योग. मार्च-एप्रिलमध्ये मोह टपकू लागला की पहाटेच बाया-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. वाळवलेली फुलं पाण्यात भिजत घालून काही दिवस आंबवली की सडवा तयार होतो. चुलीवर सडव्याचं मडकं, त्यावर बुडाला भोकं पाडलेलं दुसरं मडकं, त्याच्या पोटात दारू झेलणारं भांडं आणि सगळ्यात वर गार पाण्याचं पातेलं. सांधे ओल्या मातीनं लिंपायचे. वाफ वरच्या थंड बुडाला लागून थेंबाथेंबानं खालच्या भांड्यात उतरते. पातेल्यातलं पाणी तापलं की लगेच बदलायचं आणि जाळ मंद ठेवायचा. दारूची प्रत यावरच ठरते. गोंडांच्या घरी जन्म असो, लग्न असो की मयत, थोडी दारू आधी देवाला आणि पूर्वजांना वाहिली जाते.

ही चूल गुन्ह्यात मोडू लागली ती इंग्रजांच्या महसुलापायी. ठेक्याची दारू खपायची तर घरची भट्टी विझायला हवी होती. हा भाग तेव्हा ज्यात होता त्या मध्य प्रांताच्या १९१५ च्या अबकारी कायद्यातही परवान्याशिवाय दारू गाळणं हा गुन्हाच होता. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, पुढे मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा इथं लागू झाला. राज्यं बदलली, भट्टीवरची धाड तशीच राहिली.

विक्रीच्या हातभट्टीत मात्र मोहाच्या जागी गूळ आणि नवसागर आला. त्या दारूनं घरं बसली. वर्ध्यात १९७५ पासून दारूबंदी होतीच. गडचिरोलीत लोकांच्या, विशेषतः बायांच्या रेट्यानं १९९३ मध्ये झाली. चंद्रपूरची २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. बायांची मागणी रास्तच होती. पण विधीपुरती घरची चूल आणि विक्रीची हातभट्टी, यांत कायद्यानं फरक करायला हवा होता. तो केला नाही. १९९६ च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना मादक पदार्थांवर बंदी किंवा नियंत्रण आणण्याचा अधिकार दिला. माझ्या मते हा फरक तिथंच, गावात बसून ठरायला हवा.

मोहफुलं गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध राज्यानं २०२१ मध्ये उठवले. शेजारच्या मध्य प्रदेशानं तर आदिवासींच्या मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून परवाना दिला. गडचिरोलीत फूल आता मोकळं आहे, भट्टी नाही.