मण्यारीचं विष आणि रक्ताचा रिपोर्ट

हातापायांत जोर नसला की आपल्याकडे निदान ठरलेलं: 'नस दबली असेल', नाहीतर 'बी-१२ कमी झालं असेल'. पण नस शाबूत, हाडं धड, आणि तरी संध्याकाळपर्यंत पापण्या गळतात, जेवता जेवता जबडा थकतो, असाही एक आजार आहे: मायस्थेनिया ग्रेव्हिस. झोपून उठलं की माणूस बरा दिसतो, त्यामुळे घरच्यांना सगळं सोंग वाटतं.

बिघाड असतो नस आणि स्नायू जिथे भेटतात तिथे. नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं, स्नायूवरच्या रिसेप्टरला (ते झेलणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं आणि स्नायू आकसतो. या आजारात बहुतेकांच्या शरीरातली प्रतिपिंडं (अँटीबॉडीज, एरवी जंतूंशी लढणारी) या रिसेप्टरवरच उठतात. १९७३ साली पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम या संशोधकांनी विद्युत ईल माशाचे रिसेप्टर सशांना टोचले, तर ससेही असेच लुळे पडले.

मग रुग्णाच्या रक्तात ही प्रतिपिंडं शोधायची कशी? इथे मण्यार येते. तैवानमधल्या तिच्या एका भाऊबंदाच्या विषातून चँग आणि ली यांनी १९६३ साली अल्फा-बंगॅरोटॉक्सिन वेगळं काढलं. ते नेमकं याच रिसेप्टरला घट्ट चिकटतं, सहजी सुटत नाही. (मण्यार चावल्यावरही आधी पापण्याच पडतात. तेव्हा मांत्रिकाचं पाणी नव्हे, प्रतिविष आणि वेळ पडली तर व्हेंटिलेटर लागतो.) प्रयोगशाळेत या विषाला किरणोत्सारी आयोडीन जोडतात आणि ते रिसेप्टरवर चढवतात. त्यात रुग्णाच्या रक्तातला सीरम मिसळतात. विष बसतं ॲसिटिलकोलिनच्या जागी. बहुतेक प्रतिपिंडं रिसेप्टरच्या दुसऱ्या भागाला धरतात, म्हणून दोघं एकाच वेळी मावतात. शेवटी मानवी प्रतिपिंडांना पकडणारी दुसरी प्रतिपिंडं घालून सगळा साका खाली बसवतात. साक्यात किरणोत्सार जितका जास्त, तितकी रुग्णाची प्रतिपिंडं जास्त.

आजार अंगभर असेल तर सुमारे ८५ टक्के रुग्णांत ही तपासणी पॉझिटिव्ह येते, फक्त डोळ्यांपुरता असेल तर जेमतेम निम्म्यांत. म्हणून रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी डॉक्टर तिथे थांबत नाहीत. २००१ साली सापडलेली, स्नायूवरच्या मस्क या दुसऱ्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं बघतात, नसेला सेकंदाला दोन-तीन विद्युत झटके देऊन स्नायूचा प्रतिसाद उतरतो का ते मोजतात. आणि पापणी पडलेली असेल तर दोन मिनिटं त्यावर बर्फ धरतात: थंडीत ॲसिटिलकोलिन तोडणारं एन्झाइम मंदावतं, आणि पापणी वर येते.